जुना प्लेट रिव्हर्ब फोंड्याजवळच्या घरात बसवायचाय, कुठल्या खोलीत ठेवू?

चिरेबंदी (२१ मे)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण. एका बाजूच्या दोन खोल्यांत मी छोटा स्टुडिओ चालवतो, भजन, नाट्यगीतं, घुमट आरत्या (घुमट म्हणजे आमचं मातीचं वाद्य), अधूनमधून तियात्राची म्हणजे कोकणी नाटकाची गाणी. तर मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानातून एक ईएमटी १४०, म्हणजे पत्रा थरथरवून आवाजाला गुंजन (रिव्हर्ब) देणारी मोठी पेटी, माझ्या वाट्याला आलाय. खराखुरा, जर्मन, ट्यूबवाला, नंतर कुणीतरी स्टिरिओ करून घेतलेला. कितीतरी वर्षं स्वप्न होतं हे, रात्री झोप येत नाहीये.

प्रश्न असा की ठेवू कुठे. जागा तीन आहेत. एक, कंट्रोल रूमच्या बरोबर वरचा माळा (लाकडी तक्तपोशी). दोन, राजांगणापलीकडचं जुनं भाताचं कोठार, खिडकी नाही, भिंती दीड हात जाड. तीन, मागची गाडीची शेड. टेम्पो २८ तारखेला येतोय आणि पाऊस तोंडावर आलाय. कुणी बसवलाय का असला प्रकार? निदान जवळून बघितलाय का?

मांडवीकाठ
अभिनंदन!! माळा विसर आधी. पेटीसकट २७० किलोच्या आसपास वजन असतं त्याचं. जुन्या वाशांवर एवढं ठेवलंस तर रिव्हर्बच्या आधी माळाच खाली येईल.

टेपवेडा
वजनापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, माफ करा लांबलं तर.

आत काय असतं, तर स्टीलचा एक पत्रा, २ मीटर लांब, १ मीटर उंच आणि जाडी फक्त अर्धा मिलिमीटर. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत तो क्लिपांनी ताणून उभा टांगलेला असतो. मधे एक ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या कॉइलसारखाच पण कागदाच्या कोनाऐवजी पत्रा हलवणारा. गाण्याचा सिग्नल त्यात दिला की पत्रा थरथरतो, लाटा कडांना जाऊन आपटतात, परत येतात, पुन्हा जातात, आणि पत्र्याला चिकटवलेले पिकअप ती थरथर परत विजेत आणतात. झाला रिव्हर्ब. शेजारी पत्र्याच्या आकाराचा एक सच्छिद्र डॅम्पर असतो, तो पत्र्याजवळ आणला की गुंजन लवकर मरतं, लांब नेला की रेंगाळतं. साधारण १ सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत. १९५७ साली हे बाजारात आलं तेव्हा मोठ्या स्टुडिओंना गुंजनासाठी वेगळी एको चेंबरची खोली बांधावी लागायची, त्यामानाने ही पेटी म्हणजे चैनच होती.

आता तुझा प्रश्न. पत्रा थरथर ऐकतो, म्हणजे तो एक अवाढव्य मायक्रोफोनच आहे. माळ्यावर ठेवलास तर खालच्या मॉनिटर स्पीकरांचा आवाज त्यात शिरणार, तेच परत मॉनिटरमधून येणार, आणि आवाज वाढवलास की घूंऽऽ करून गोल फिरायला लागणार. वर कौलांवर पाऊस. शेडमध्ये तर स्कूटरसुद्धा रेकॉर्ड होईल. कोठार. दुसरं काही नाही.

स्क्रीनवर_सगळं
कुणाचं मन दुखवायचं नाहीये पण विचारतोच. आज चांगल्यातल्या चांगल्या प्लेटचे प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवर तोच आवाज देणारे प्रोग्राम, काही हजारांत मिळतात, खऱ्या ईएमटीवरून मापं घेऊन केलेले. मी म्हापशाला घरीच मिक्सिंग करतो, गेल्या चार वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने विचारलं नाही की प्लेट खरी का खोटी. २७० किलो लोखंड गोव्याच्या पावसात सांभाळायचं, त्यापेक्षा तेवढ्या पैशात दोन बरे माईक आले असते. प्लगइन एकाच वेळी दहा गाण्यांवर दहा तऱ्हेने लावता येतो, पेटी एकच.

टेपवेडा
@स्क्रीनवर_सगळं दहा तऱ्हेचा मुद्दा मान्य. माईकचाही मान्य. पण मिक्सिंग आणि गाताना ऐकणं या दोन गोष्टी आहेत. गायकाच्या कानात प्लेट गाताना दिली की तो श्वास वेगळा घेतो, शेवटचा स्वर सोडतो कसा त्यातसुद्धा फरक पडतो. कॉम्प्युटरमधून फिरवून दिलं की थोडा का होईना उशीर होतोच. इथे तारेतून गेलं, पत्र्यातून आलं, संपलं.

फोंड्याची_नात
माझे आजोबा भजनी मंडळात होते, ते म्हणायचे देवळाच्या सभामंडपात गळा आपोआप सुटतो आणि घरच्या वसरीत तोच माणूस गुदमरतो. टेपवेडा म्हणतायत ते हेच असावं. तांत्रिक कळत नाही मला, पण धागा वाचतेय.

रेडिओकाका
चिरेबंदी बाब, अभिनंदन. मी आयुष्यभर आकाशवाणीच्या इंजिनीअरिंगकडे काढलं, आता पर्वरीला निवांत असतो. चार गोष्टी सांगतो, वय झालंय म्हणून ऐकून घ्या.

टेम्पोत चढवण्याआधी आतली चौकट आणि डॅम्पर दोन्ही हलणार नाहीत असे बांधून घ्या. पेटी उभीच आणायची, आडवी टाकायची नाही. महामार्गाच्या खड्ड्यांत पत्रा हिंदकळला तर कोपऱ्याच्या क्लिपा तुटतात आणि त्या बाजारात मिळत नाहीत. त्याहून नाजूक म्हणजे पिकअप. पिएझो (थरथरीतून वीज देणारे) असतात, ठिसूळ, आणि जास्त तापले की कामातून गेले, म्हणून त्यांच्या जवळ सोल्डरिंग गन नेऊ नका.

पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका, हातमोजे घाला. घामात मीठ असतं, आज बोट लावलं की श्रावणात तिथे बोटाच्या आकाराचा गंज उगवतो.

ट्यूब अँप्लिफायर बंद केला, प्लग काढला, तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट बसून असतात. रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरने बघा, मग हात घाला. एकट्याने हे काम करू नका.

आणि वीज. जर्मन माल, २२० व्होल्ट ५० सायकलचा, तेव्हा ट्रान्सफॉर्मर बदलायची भानगड नाही. पण आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्ही जाणताच. स्टॅबिलायझर हवा, आणि तो पेटीपासून चांगला लांब, नाहीतर त्याचंच हमिंग पिकअपमध्ये येईल.

चिरेबंदी
काका, अगदी मनापासून आभार. क्लिपांचं आणि बोटांचं मला माहीतच नव्हतं. आजच मुंबईला फोन करून बांधाबांधीचं सांगतो.

कातळ
२७० किलो म्हणजे पालखीच की. भोई किती लागणार? मी येतो, जेवण काय आहे सांगा.

भौतिकवाली
मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, मला या पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटरच का हा प्रश्न पडला म्हणून कागदावर मांडून बघितलं.

आधी गंमत. २ गुणिले १ मीटर गुणिले अर्धा मिलिमीटर, स्टीलच्या घनतेने गुणलं की जेमतेम ८ किलो होतात. म्हणजे तुम्ही २७० किलो उचलणार त्यातला गाणारा भाग ८ किलोचा, बाकी सगळं त्याला ताणून आणि शांत ठेवायला.

आता जाडी. पत्र्यातली वाकण्याची लाट हवेतल्या आवाजासारखी नसते, तिचा वेग कंपनसंख्येबरोबर वाढतो. कंपनसंख्या चौपट तर वेग दुप्पट. अर्धा मिलिमीटर स्टीलमध्ये १००० हर्ट्झची लाट सेकंदाला सुमारे ६८ मीटरने सरकते आणि हवेतल्या आवाजाएवढी, म्हणजे ३४० मीटरवर, ती पोचते थेट २४-२५ हजार हर्ट्झला. या सीमेच्या खाली पत्रा आपली शक्ती हवेत फारशी सोडत नाही, आतच ठेवतो. आपलं ऐकणं २० हजारांपर्यंत, म्हणजे ऐकू येणारं सगळं सीमेच्या आत. पत्रा २ मिलिमीटर जाड घेतला असता तर ही सीमा ६ हजारांवर आली असती आणि त्याच्या वरचं सगळं खोलीत उडून गेलं असतं, तार स्वरांचं गुंजन टिकलंच नसतं. ज्याने हे ठरवलं त्याचं मला फार कौतुक वाटलं.

आणि तार स्वर आधी पोचतात, खर्ज मागून येतो, म्हणूनच प्लेटचा आवाज खोलीच्या आवाजापेक्षा निराळा, चकाकता लागत असणार. खोलीत सगळे एकाच वेगाने धावतात.

टेपवेडा
वा ताई. इतकी वर्षं वापरतोय, आज कळलं.

ओहोळ
एको चेंबरचा विषय निघालाच आहे तर, आम्ही कॉलेजात असताना घरच्या विहिरीत स्पीकर आणि माईक दोरीने सोडला होता, मित्राची बासरी त्यातून फिरवायला. आवाज काय सुंदर यायचा म्हणून सांगू, आत चिऱ्याची गोल भिंत आणि खाली पाणी. पण सूर्य मावळला की बेडूक सुरू, आणि सकाळी आजी कळशी घेऊन आली ती माईकला बघून ओरडली. प्रयोग तिथे संपला.

घुमटनाद
चिरेबंदीने घुमट आरत्या म्हटलंय म्हणून लिहितो. घुमटावर लांब रिव्हर्ब चढवू नका, कृपा करून. मातीचं मडकं आहे, त्याच्या पोटात स्वतःचीच घुमघुम असते, डाव्या हाताने मागचं तोंड उघडझाक करून वादक ती घुमघुम वाजवतो. त्यावर तीन सेकंदांची प्लेट टाकली की घुमट, शामेळ, कासाळं सगळं एकाच रश्श्यात जातं. हल्ली रेकॉर्डिंगमध्ये हेच ऐकू येतं आणि जीव तुटतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हटलं, घोरपडीच्या चामड्याऐवजी बकऱ्याचं आलं, पोरं पुन्हा शिकायला लागली, आता निदान आवाज तरी जसा आहे तसा ठेवूया.

चिरेबंदी
@घुमटनाद शब्दन् शब्द पटला. माझ्या डोक्यात प्लेट आहे ती मुख्यतः अभंगाच्या आलापासाठी आणि कोरससाठी. घुमट कोराच राहील.

बार्देशकर_कुठलासा
दमटपणाबद्दल कुणीच नीट बोललं नाही अजून. आमचं घर समुद्राला लागून, दोन पावसाळ्यांत गिटारच्या तारा, माईकची जाळी, हार्मोनियमचे स्क्रू सगळं गंजलं. फोंडा आत आहे, खारं वारं कमी, पण जुलैत हवा तेवढीच ओली. लोखंडाचं गणित साधं आहे, हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज जोर धरतो. कोठारात डीह्युमिडिफायर लावा, ५० ते ५५ वर सेट करा, पाण्याची नळी भिंतीतून बाहेर काढा म्हणजे टाकी रोज ओतायला नको. तो मशीन आवाज करतो, तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. आणि तेल बिल चोपडायच्या फंदात पडू नका, धूळ चिकटते.

रेडिओकाका
बरोबर. भर घालतो. ओल फक्त पत्र्याला खात नाही. पिएझो पिकअपचा रोध फार मोठा असतो, त्याच्या जोडणीवर ओलसर धूळ बसली की वीज तिथून गळते आणि आधी खर्ज जातो, मग चुरचुर सुरू होते. ऑगस्टमध्ये प्लेट ‘पातळ’ वाटायला लागली तर पत्र्याला दोष देऊ नका, जोडण्या कोरड्या करा.

मांडवीकाठ
मग सरळ एसी का नको?

भौतिकवाली
एसीची एक अडचण आहे. स्टील तापलं की पसरतं, २ मीटरला १० अंशांत साधारण पाव मिलिमीटर. चौकटही लोखंडीच, त्यामुळे दोन्ही सारखे तापले तर ताण बदलत नाही. पण पत्रा कागदासारखा पातळ, चौकट जाड. एसी सुरू झाला की पत्रा लगेच गार होऊन आकसणार, चौकटीला वेळ लागणार, मधल्या वेळात ताण चढलेला. सतत एकाच तापमानावर ठेवणार असाल तर ठीक, रेकॉर्डिंगपुरता लावणार असाल तर नकोच. दीड हात चिऱ्याची भिंत हे काम फुकटात करतेय.

चिरेबंदी (२९ मे)
आला!! काल रात्री अकराला टेम्पो पोचला. कातळ खरंच आला, येताना तीन मित्र घेऊन आला, आणखी शेजारचे दोघं. पेटी २ मीटर ४० लांब, कोठाराचं दार लहान आणि समोर राजांगणाचा कठडा, वळेचना. शेवटी तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून आणावी लागली. आई दारात उभी राहून म्हणाली, आता एवढी प्रदक्षिणा झालीच आहे तर नारळ फोडा. फोडला. मग सोलकढी, भात आणि सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण. एकही क्लिप तुटली नाही काका, तुमच्यामुळे.

खाली जाड रबर घातलंय. कोठारापासून कंट्रोल रूमपर्यंत बॅलन्स्ड केबल टाकतोय, एक जाणारी, दोन येणाऱ्या, विजेच्या तारांपासून हातभर लांब.

कातळ
हुमणासाठी परत उचलून ठेवायला तयार आहे.

चिरेबंदी (४ जून)
दोन अडचणी आल्यात. पहिली, सुरू केलं की हमिंग, गाणं नसताना स्पष्ट ऐकू येतं. दुसरी, डॅम्पर पूर्ण जवळ आणला की उजव्या पिकअपमध्ये आवाज एकदम मेल्यासारखा आणि मधेच कर्रऽऽ. डावा मात्र सुंदर. पिकअप गेला असेल का? पोटात गोळा आलाय.

रेडिओकाका
घाबरू नका. हमिंग ५० हर्ट्झचं का १०० चं ते बघा, कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रम दिसेल. ५० असेल तर अर्थिंग किंवा बाहेरून शिरलेलं. १०० असेल तर अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर वाळले, इतक्या वर्षांनी वाळणारच. अर्थिंगही तपासून घ्या, आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थ धरत नाही, खड्ड्यात पाणी ओतावं लागतं.

टेपवेडा
उजव्याचं म्हणशील तर डॅम्पर लांब नेल्यावर दोन्ही सारखे वाजतात का? वाजत असतील तर पिकअप ठणठणीत आहे. डॅम्पर कुठेतरी पत्र्याला टेकतोय. तो जवळ यायला हवा, शिवायला नको, मधल्या हवेनेच काम व्हायला हवं. पेटी लेव्हलमध्ये आहे का बघितलंस? जुन्या कोठारांच्या जमिनीला उतार असतो.

चिरेबंदी (७ जून)
टेपवेडा, पाय कुठे आहेत तुझे. गवंड्याची लेव्हल आणून लावली, उजवीकडे चक्क १२ मिलिमीटर उतार. आजोबांनी कोठार धुतलं की पाणी मोरीकडे जावं म्हणून करून घेतलेला. पेटी तिरकी, चौकट पिळलेली, डॅम्परचा खालचा कोपरा पत्र्याला टेकत होता. रबराखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या, सरळ केली, कर्र गेलं.

हमिंग १०० चं निघालं. कॅपॅसिटर बदलले, मडगावहून एक ओळखीचे मेकॅनिक आले होते, आम्ही दोघं मिळून, आधी व्होल्ट उतरवून. आता शांत. बाहेर पाऊस सुरू झालाय, राजांगणात धो धो पडतोय, आणि हेडफोनमध्ये कोठार गप्प आहे. दीड हात भिंत!

मग ताण. थोडा थोडा वाढवत, प्रत्येक वेळी बोटाच्या पेराने (मोजा घालून) टिचकी मारून ऐकत बसलो. सैल असताना ढबढब, पत्र्याच्या डब्यासारखं. नंतर एका जागी ती ढबढब निघून गेली आणि नुसता लांब श्वास उरला. तिथे थांबलो.

स्क्रीनवर_सगळं
वाचतोय सगळं, आणि खरं सांगतो, उत्सुकता लागलीय. सेटिंग काय ठेवलंस?

चिरेबंदी (१२ जून)
काल गावातल्या मंडळाचे बुवा आले होते, वय ७४. एक अभंग घेतला. प्लेटकडे जाणाऱ्या सिग्नलमधून २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं, नाहीतर मृदंगाचा धुम्मा पत्र्यात साठतो. त्याच्या आधी टेप मशीन लावलं, सेकंदाला १५ इंच, रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधे २ इंच अंतर, म्हणजे १३० मिलिसेकंदांच्या थोडं वर उशीर. त्यामुळे शब्द आधी कोरडा, स्वच्छ येतो आणि मागून गुंजन. द्रुत भजनाला हा उशीर जास्त होतो, तिथे टेप काढून टाकतो. आलापाला अडीच सेकंद, कोरसला दीड, घुमटाला शून्य (घुमटनाद, दिलेला शब्द पाळला).

बुवांच्या कानात प्लेट दिली. त्यांनी सा लावला, थांबले, मला म्हणाले, दार उघडं राहिलंय का कुठलं? मी म्हटलं नाही. परत सा लावला आणि या खेपेला सोडलाच नाही, श्वास संपेपर्यंत. मग डोळे मिटून पूर्ण अभंग, एका टेकमध्ये.

फोंड्याची_नात
अंगावर काटा आला.

स्क्रीनवर_सगळं
मी एक नाट्यगीत मिक्स करतोय, प्लगइनने केलेलं आहे. कोरा आवाज घेऊन आलो तर एकदा तुमच्या पेटीतून काढून द्याल? शेजारी शेजारी ठेवून ऐकायचंय मला, अगदी मनापासून.

चिरेबंदी
अरे विचारतोस काय, रविवारी ये. सकाळी लवकर ये म्हणजे व्होल्टेज सरळ असतं. आणि फाइल ४८ किलोहर्ट्झमध्ये आण.

कातळ
रविवारी हुमण आहे का?